उब्लों शूफ: आयपीए समजून घ्याल तर गोंधळाल, ट्रिपेल समजून घ्या

बेल्जियन बियर म्हटलं की आपल्याकडं लोकांना एकतर होगार्डन आठवते नाहीतर पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीच्या मेन्यूवरची बेल्जियन विट, ती ढगाळ, हलकी, संत्र्याची साल आणि धने घातलेली, उन्हाळ्यात दोन ग्लास सहज जातात अशी. आणि हॉप्सचा (बियरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या एका वेलाच्या फुलांचा) कडवटपणा हवा असेल तर मग आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, मागवायची. ही दोन खाती आपण वेगळी ठेवतो. उब्लों शूफ ही बेल्जियन बियर दोन्ही खात्यांत बसते आणि कुठल्याच खात्यात धड बसत नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा ऐसपैस लिहितेय.

आधीच सांगून टाकते, मला आवडते. बेल्जियममध्ये ल्यूव्हेनला राहायला आल्यापासून आमच्या फ्रीजच्या दारात ही असतेच. नवरा मात्र तिच्या वाटेला जात नाही, त्याचं म्हणणं असं की अगं बियर प्यायची ती तहान भागवायला, हुंगत काय बसायचंय. आम्ही राहतो त्या गावातच स्टेला आर्टोआ ही साधी हलकी लागर बियर बनते त्यामुळं त्याची सोय दारातच आहे, तो खुश, मी खुश, बिल वेगवेगळं.

नाव फ्रेंच आहे, त्यातला ह म्हणायचा नाही. उब्लों म्हणजे हॉप्स. लेबलवर लाल टोपीवाला दाढीवाला बुटका आणि त्याच्यासोबत डोबेलन आयपीए ट्रिपेल असं छापलेलं. ट्रिपेल म्हणजे बेल्जियमची सोनेरी, तगडी बियर. बाटली ३३० मिलीची, म्हणजे आपल्याकडची पिंट, आणि एक मोठी ७५० मिलीची पण येते जी चार माणसं जमल्याशिवाय उघडू नये. सुपरमार्केटमध्ये छोटी बाटली दोनेक युरोला मिळते, बारमध्ये बसून प्यायची तर दुपटीच्या पुढंच जाते. अल्कोहोल ९ टक्के. हा आकडा नीट वाचा, कारण आपल्याकडच्या स्ट्राँग बियरवर ८ टक्क्यांपर्यंत असं लिहिलेलं असतं आणि ती स्ट्राँग आहे हे पहिल्याच घोटाला घशाला कळतं. ही कळू देत नाही. अर्धा ग्लास संपला की कान गरम व्हायला लागतात तेव्हा कळतं.

आता ओतण्याबद्दल, कारण निम्मी मजा इथंच जाते किंवा राहते. बाटली फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवा, एकदम बर्फासारखी थंड प्यायलात तर नुसता कडवटपणा लागेल आणि वास काहीच येणार नाही. आणि फ्रीजमध्ये पण उभीच ठेवायची, आडवी नको, कारण ही गाळलेली नसते, बाटलीत भरताना परत थोडी साखर आणि यीस्ट घालून आतल्या आत आंबवलेली असते, त्यामुळं तळाला पिठूळ गाळ बसतो. ग्लास ट्युलिपच्या आकाराचा असला तर उत्तम, नसेल तर वाइनचा मोठा ग्लास घ्या, तोंडाशी जरा आत वळलेला असला म्हणजे झालं. धुतल्यावर साबण राहिलेला नको, तेलकट हात लागलेला नको, नाहीतर फेस उभाच राहत नाही. मी ग्लास गार पाण्यानं विसळून ओलाच घेते.

मग ग्लास तिरका धरून हळूहळू अर्ध्यापर्यंत आणि मग सरळ करून मधोमध. फेस येतो म्हणजे काय येतो! बाटलीत तिसरा हिस्सा बियर शिल्लक आणि इकडं ग्लासात चार बोटं पांढराशुभ्र घट्ट फेस. घाई करायची नाही, बाटली बाजूला ठेवायची, फेस थोडा बसू द्यायचा, मग उरलेली ओतायची आणि तळाचा एक बोटभर भाग बाटलीतच ठेवायचा. तो गाळ टाकायचा का प्यायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी शेवटी वेगळा चाखते, पावासारखी चव लागते आणि कडवटपणा जरा बोथट होतो, पण आधीच सगळं ढवळून ओतलं तर रंगही जातो आणि हॉप्सचा धारदारपणाही. आपल्याकडं बारमधला वेटर एक थेंब फेस न आणता काठोकाठ भरतो आणि त्यालाच हातातली कला समजतात, इथं फेस नसेल तर बारवालाच खट्टू होतो. आणि हा फेस नुसता दिखाव्याचा नाही. हॉप्समधले कडू घटकच माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) प्रथिनांना धरून तो टिकवून ठेवतात, म्हणून जेवढी हॉपी बियर तेवढा फेस चिवट, आणि प्रत्येक घोटानंतर ग्लासाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या जाळीची एक एक रेघ चिकटून राहते. संपलेल्या ग्लासावरच्या रेघा मोजून कुणी किती घोटात संपवली ते सांगता येतं, नवऱ्याच्या स्टेलाच्या ग्लासावर मोजून बघितल्यात मी, फारच थोड्या असतात.

रंग फिकट सोनेरी, थोडा धुरकट. वास मात्र भरगच्च. पहिल्यांदा पपनसाची साल. पपनस सोलताना नखात जो तेलकट कडसर वास अडकून बसतो, हात धुतला तरी जात नाही, अगदी तोच. मग संत्रं, मग थोडं ओलं गवत, आणि ग्लास जरा कोमट व्हायला लागला की मागून मिरी, लवंग आणि पिकत आलेलं केळं. यातला अर्धा वास हॉप्सचा आणि अर्धा यीस्टचा आहे. हॉप्स तीन प्रकारचे: टोमाहॉक आणि अमारिलो हे दोन अमेरिकेचे, आणि साझ हा चेक देशातला जुना खानदानी. ढोबळमानानं सांगायचं तर टोमाहॉक कडवटपणाला तगडा, अमारिलो संत्र्याच्या वासाला, आणि ते गवत-पाल्यासारखं जे येतं ते साझच्या स्वभावातलं. लवंग आणि केळं मात्र कुणी घातलेलं नसतं, बेल्जियन यीस्ट साखर खाता खाता स्वतःच ते वास तयार करतं. विट बियर प्यायलेल्यांना ही लवंग ओळखीची वाटेल.

पहिला घोट गोडसर लागतो. लगेच बुडबुडे जिभेला चावतात, जोरात चावतात, बाटलीत आंबवल्यामुळं गॅस भरपूर असतो. मग मधे थोडा मध, संत्र्याचा मुरंबा, आणि आता ही गोड बियर आहे असं ठरवेपर्यंत जिभेच्या मागून कडू येतं आणि ते जात नाही. गिळल्यावर तोंड कोरडं, किंचित तुरट, आणि ती पपनसाची साल मिनिटभर तिथंच. कडवटपणा मोजायला आयबीयू नावाचं माप असतं, साध्या लागरचं पंधरा-वीसच्या घरात, हिचं ५९ सांगतात. पण आकड्यावरून वाटते तेवढी ही कडू लागत नाही कारण खाली माल्ट आणि अल्कोहोल दोन्ही दणकट आहे, ते तोलून धरतं.

आणि एवढं अल्कोहोल असून चिकट का लागत नाही तर त्याचं कारण ट्रिपेल बनवायची पद्धत. यात माल्टबरोबर सरळ साखर पण घालतात. साखर घातली म्हणजे गोड होणार असं कुणालाही वाटेल, होतं उलटं, साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, अल्कोहोल वाढतं पण अंगात जडपणा येत नाही, बियर कोरडी आणि हलकी राहते. नुसत्या माल्टवर ९ टक्क्यांपर्यंत नेली असती तर काकवी प्यायल्यासारखं झालं असतं. म्हणूनच म्हणते की ही आधी ट्रिपेल आहे. आयपीए हा तिच्यावर चढवलेला साज.

हे एवढं ताणून सांगायचं कारण असं की आता आपल्याकडं आयपीए म्हटलं की लोकांच्या डोक्यात ती नवी गढूळ आंब्याच्या रसासारखी हेझी आयपीए बसलीय. त्यात यीस्ट मागच्या बाकावर असतं, सगळा कारभार हॉप्सचा. त्या अपेक्षेनं ही उघडलीत तर पहिली प्रतिक्रिया ही लवंग कुठून आली अशीच येणार, माझ्या एका मैत्रिणीची आली, तिनं अर्धा ग्लास तसाच सरकवला माझ्याकडं. उलट ज्याला ट्रिपेल माहितीये तो पहिल्या घोटाला म्हणतो वा, नेहमीचीच पण कुणीतरी खिडकी उघडली वाटतं. बाकी आयपीएमधला इंडिया म्हणजे आपणच, इंग्रजांच्या जहाजांतून कलकत्त्या-मुंबईला यायची ती भरपूर हॉप्सची बियर, ही गोष्ट प्रत्येक बियरवाला माणूस पार्टीत ऐकवतोच. हिचा त्या इंडियाशी काही संबंध नाही हो. हिच्यातली आयपीए अमेरिकेहून फिरून आलेली आहे.

ब्रुअरी बेल्जियमच्या दक्षिणेला, आर्देनच्या डोंगराळ जंगलात, उफालीझजवळच्या अशूफ नावाच्या चिमुकल्या गावात. पिएर गोब्रों आणि क्रिस बाउवेरार्ट्स या दोघा सोयऱ्यांनी १९८२ मध्ये हौस म्हणून सुरू केली, पहिला घाणा फक्त ४९ लिटरचा होता. एवढ्याशा बियरवर आमच्याकडं एक गणपतीतली पंगत पण भागली नसती (गणपतीत बियर नाही, माहितीये, कमेंट करू नका). मग ला शूफ नावाची ८ टक्क्यांची सोनेरी बियर चालली, बुटका घराघरात पोचला, आणि २००६ मध्ये दोन गोष्टी झाल्या, एक म्हणजे ही उब्लों बाजारात आली आणि दुसरी म्हणजे ड्यूव्हल ही प्रसिद्ध बियर बनवणाऱ्या ड्यूव्हल मोर्टगाट कंपनीनं अख्खी ब्रुअरी विकत घेतली. त्यामुळं आता हिला क्राफ्ट (छोट्या स्वतंत्र ब्रुअरीची बियर) म्हणायचं का यावर इथले लोक तासभर भांडू शकतात. मला विचाराल तर ग्लासात काय आहे ते बघा, मालक कोण ते नंतर.

म्हणजे २००६ च्या आधी बेल्जियमला हॉप्स माहीतच नव्हते असं अजिबात नाही. पश्चिमेला पोपेरिंगेच्या भागात शतकानुशतकं हॉप्सची शेती आहे, उंच खांब-तारांवर चढवलेले वेल, गावात हॉप्सचं म्युझियम पण आहे. द रांके या छोट्या ब्रुअरीची एक्सएक्स बिटर १९९६ पासून आहे, अल्कोहोल ६ टक्क्यांच्या आसपास, आणि कडू म्हणजे सणसणीत कडू, युरोपातलेच हॉप्स वापरून. आणि ओरव्हाल तर त्याच्याही कितीतरी आधीची, ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती साधूंच्या मठातली, तिथं १९३१ मध्ये ब्रुअरी सुरू झाली, त्यांच्या बियरमध्ये आंबवून झाल्यावर परत कोरडे हॉप्स भिजत घालतात. नवीन वाटलं ते अमेरिकन हॉप्सचं संत्रं-पपनस. ते ट्रिपेलमध्ये एवढं ठळक आणलं हे उब्लोंचं श्रेय, पाठोपाठ २००७ मध्ये ड्यूव्हलनं पण नेहमीच्या साझ आणि स्टिरियन गोल्डिंग या दोन हॉप्समध्ये तिसरा अमारिलो घालून ट्रिपेल हॉप काढली.

साहजिकच विचारतात की यातली कुठली घेऊ. ड्यूव्हल ट्रिपेल हॉप सिट्रा (तिसरा हॉप अमारिलोऐवजी सिट्रा) आता कायम मिळते, ९.५ टक्के, ती जास्त स्वच्छ, जास्त कोरडी, लिंबाकडं झुकलेली, अगदी इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. उब्लोंचा शर्ट जरा चुरगळलेला, त्यात फळं जास्त, यीस्टचा मसाला जास्त. ओरव्हाल हे वेगळंच प्रकरण आहे, ६.२ टक्के, त्यात ब्रेटानोमायसिस नावाचं जंगली यीस्ट असतं, ताजी असताना हॉप्स आणि सहा महिने ठेवली की चामडं, वाळलेलं गवत, गोठा असे वास यायला लागतात आणि लोक मुद्दाम ठेवतात. उब्लोंशी तुलना करण्यात अर्थ नाही, दोन्ही घ्या.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ओरव्हाल ठेवतात म्हणून ही ठेवायची नाही. ही ताजीच प्यायची. हॉप्सचा वास म्हणजे उडून जाणारं तेल, बाटलीत बंद असलं तरी महिन्यागणिक उतरत जातं. बेस्ट बिफोरची तारीख लांबची टाकलेली असते, त्या तारखेच्या आत ती खराब होणार नाही एवढाच त्याचा अर्थ, पण शेल्फवरच्या बाटल्या हातात घेऊन ज्याची तारीख सगळ्यात लांब ती उचला. मी एकदा मुद्दाम एक ताजी आणि एक जुनी शेजारी शेजारी ओतून बघितली. ताजीत पपनस नाकात घुसत होतं, जुनीत ते गायब, त्याजागी मध आणि थोडं टॉफीसारखं काहीतरी, आणि कडवटपणा मात्र तसाच राहिलेला, आधाराला वास नाही त्यामुळं तो उघडा पडलेला. वाईट नव्हती, पण मग साधी ला शूफ घेतलेली काय वाईट. आणि उन्हात ठेवलेली बाटली तर अजिबात नको. बाटली तपकिरी असते म्हणून बरंच वाचतं पण एका छोट्या दुकानात काचेच्या शोकेसमध्ये दिवसभर ऊन खात उभ्या केलेल्या बाटल्यांतली एक मी घेतली होती, उघडल्या उघडल्या जळक्या रबरासारखा उग्र दर्प. हॉप्सच्या कडू घटकांवर उजेड पडला की तसं होतं. दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो बेल्जियन बियरला वास असतोच मॅडम. बरं बाबा.

खायला काय? इथले लोक तळलेले बटाटे आणि मेयोनीज, नाहीतर चीजचे तुकडे मोहरीत बुडवून खातात, दोन्ही मस्त लागतं. आपल्याकडचं म्हणाल तर नियम सोपा, तळलेलं आणि तेलकट चालेल, झणझणीत नाही. कडवटपणा, गॅस आणि अल्कोहोल तिन्ही मिळून तिखट आणखी भडकवतात. कोल्हापूरच्या एका मित्राला मटणाचा तांबडा रस्सा आणि उब्लों एकत्र घ्यायची हौस आली होती, दुसऱ्या घोटाला डोळ्यांत पाणी, रस्सा पण वाया आणि बियर पण, शेवटी दह्याची वाटी घेऊन बसला. त्यापेक्षा कोथिंबीर वडी घ्या. धने-कोथिंबिरीचा वास हॉप्सशी काय छान जुळतो, वडीवरचे तीळ आणि तळणीचं तेल कडवटपणा गुळगुळीत करून टाकतं. चकली पण उत्तम. आणि इथं बांगडा चांगला मिळतो, त्याला नुसती हळद, मीठ, आगळ लावून रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत केला आणि सोबत ही, मग बाकी काही नको. बांगड्याचं तेल जिभेवर बसतं आणि बुडबुडे ते खरवडून नेतात, परत पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. गोडाबरोबर मात्र जमली नाही. पुरणपोळीबरोबर बघितली, पोळी जास्त गोड लागली आणि बियर नुसती काढ्यासारखी.

अशूफला जायचं असेल तर जाऊन या, गाव छान आहे, ओढा, हिरवी कुरणं, जंगलातल्या पायवाटा, ब्रुअरीची टूर आधी बुक करावी लागते आणि शेजारी खानावळीत ड्राफ्ट, म्हणजे पिंपातून नळानं काढलेली, मिळते. ड्राफ्टवरची उब्लों बाटलीपेक्षा जरा मऊ वाटते मला, गॅस कमी चावतो, पण वास ताजा. अडचण एकच, उफालीझला रेल्वे नाही, ई २५ हायवेनं गाडी काढूनच जावं लागतं आणि इथं ड्रायव्हरला लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, ९ टक्क्यांची एक बाटलीच ती गाठायला पुरू शकते. म्हणून स्टेलावाल्या नवऱ्याला लिंबू सरबतावर बसवून नेलं. परत येताना गाडीभर त्याचं एकच पालुपद, बाई गं एवढ्या लांब येऊन मी सरबत प्यायलो. उफालीझमध्ये दुसऱ्या महायुद्धातला जर्मन पँथर रणगाडा ठेवलेला होता, तो बघून जरा खुलला.

तक्रारी पण आहेत. पहिली बियर म्हणून कुणाच्या हातात देऊ नका, बिचकतो माणूस. गॅस खरंच जास्त आहे, पित्ताचा त्रास असेल त्यांनी लांबच राहावं. दुसरी बाटली उघडायच्या भानगडीत तर पडूच नका, पहिलीची मजा दुसरीत येत नाही कारण जीभ कडवटपणानं बधिर झालेली असते आणि डोकं ९ टक्क्यांनी. मोठी ७५० मिलीची घेण्यात पैसे थोडे वाचत असतील पण ती उघडून निम्मी झाकून ठेवली तर दुसऱ्या दिवशी गॅसही गेलेला आणि वासही. आणि लेबलवर आयपीए हा शब्द एवढा ठळक छापायची गरज होती का, तो शब्द बघून घेणारे निम्मे लोक हिच्यावर रुसतात.

पाचातले सव्वाचार. ताजी मिळाली तर साडेचार. ज्यांना हा प्रकार चाखायचाय पण एवढं अल्कोहोल नको त्यांनी ब्रुसेल्सच्या ब्रासरी द ला सेनची तारास बुल्बा शोधा, फक्त ४.५ टक्के, तीच बेल्जियन यीस्ट आणि हॉप्सची जुगलबंदी पण दुपारच्या जेवणाबरोबर चालेल अशी. तिच्या दोन प्यायलात तरी तुम्ही भांडी घासायच्या परिस्थितीत असता.